पाळीची चराई आणि आमचा मुरमाड माळ

(लेखक : एक निवृत्त महसूल कारकून, वडूज)

वडुजाहून दहिवडीस जा, मायणीस जा, अथवा पुसेगांवाकडे जा. रस्त्याच्या दोहों बाजूंस जो उघडा, पिवळट, खडे वर आलेला माळ दिसतो त्यास आपण गुरांचें रान म्हणत आलों आहों. परंतु वैशाखांत त्या रानांत गुरानें तोंड कोठें घालावें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. सकाळीं गुरें सोडावयाचीं, सायंकाळीं आणावयाचीं, आणि घरीं आल्यावर दावणींत कडबा टाकावयाचाच. मग तीं दिवसभर जाऊन काय करून आलीं? पायपीट करून आलीं, एवढेंच. आणि त्या पायपिटींत जमिनीवर जें थोडें उगवूं पाहत होतें तेंही खुडून आलीं.

या माळाची स्थिति सुधारतां येते काय, व ती सुधारण्याचें काम त्याच गुरांकडून करून घेतां येतें काय, याविषयीं गेल्या कांहीं वर्षांत जें पाहिलें, वाचलें व स्वतः करून पाहिलें तें येथें देत आहें. परदेशांत या पद्धतीस हल्लीं पुनरुज्जीवक चराई असें भारदस्त नांव मिळालें आहे. नांव मोठें असलें तरी मूळ मुद्दा लहान आहे : गुरानें गवत खावें, आणि मग त्या गवतास पुन्हां अंगीं जोर येईपर्यंत गुरानें तिकडे फिरकूं नये. आमच्या सोयीसाठीं मी त्यास पाळीची चराई म्हणतों.

प्रस्तुत लेखकानें तीस वर्षें महसूल खात्यांत कारकुनी केली व २०१९ सालीं मुदतीपूर्वींच निवृत्ति घेतली. शेतकीचें पुस्तकी शिक्षण मला नाहीं. वडिलोपार्जित अकरा एकरांचा एक गट आहे. त्यांतील पांच एकर पिकाऊ व सहा एकर मुरमाड माळ. सात-बाराच्या उताऱ्यावर हे सहा एकर ‘पोटखराबा वर्ग अ’ या सदराखालीं पडलेले आहेत. असे खराब्याचे आंकडे मीं जन्मभर दुसऱ्यांच्या उताऱ्यांवर उतरविले. परंतु खराबा म्हणजे निरुपयोगी असा जो अर्थ आपण धरतों तो दप्तराचा अर्थ आहे, जमिनीचा नव्हे, हें समजण्यास नोकरी सोडावी लागली.

नोकरी सोडली तें वर्षच वाईट होतें. २०१८ चा पाऊस खटाव-माणांत फसला आणि २०१९ च्या उन्हाळ्यांत ठिकठिकाणीं चारा-छावण्या उघडाव्या लागल्या. छावणींत उसाचे वाढे व उसाच्या कांड्या खाऊन जनावर जगतें, हें खरें. परंतु खिलार गाय उसाच्या वाढ्यांवर जगवावी लागणें ही माणदेशाला लाज आणणारी गोष्ट आहे. याच्या आधीं २०१२-१३ च्या दुष्काळांतही हेंच झालें होतें. तेव्हां म्हसवडास माणदेशी फाउंडेशननें चालविलेली छावणी किती तरी महिने चालू ठेवावी लागली. मीं स्वतः २०१९ च्या चैत्रांत एक दुभती गाय अर्ध्या किंमतीस विकली. दावणीस दुसरें कांहींच नव्हतें. ज्या माळावर माझ्या वडिलांच्या वेळीं आठ-दहा गुरें चरत, त्यावर त्या वर्षीं पांच जनावरें जगलीं नाहींत. दोष पावसाचा, असें मीही म्हणत होतों. पण वडिलांनीं १९७२ चा दुष्काळ याच माळावर पाहिला होता.

आतां गवताचा स्वभाव पाहूं, कारण सर्व कांहीं त्यावर आहे. गवत हें आपलें अन्न पानांत तयार करतें. ऊन, हवा व मुळांतून आलेलें पाणी यांपासून. त्यांतील कांहीं अन्न तें बुडख्यांत व मुळांत सांठवून ठेवतें. गुरानें एकदां शेंडा खाल्ला म्हणजे त्यास नवीं पानें फोडण्यासाठीं या सांठ्यांतून उसनवारी करावी लागते. वर पानें कमी झालीं कीं खालचीं कांहीं मुळेंही तें सोडून देतें. जेवढा संसार तेवढाच खर्च. पुढें पानें मोठीं झालीं, त्यांनीं पुन्हां अन्न केलें, म्हणजे सांठा भरतो व मुळें पुन्हां खोल जातात. सोडून दिलेलीं मुळें मातींत कुजून मातीस भुसभुशीतपणा आणतात. येथपर्यंत चराईनें गवताचें नुकसान झालें नाहीं, उलट जुनें पान गेल्यानें फुटव्यास उजेड मिळाला. नुकसान होतें तें दुसऱ्या घासानें. सांठा भरण्याच्या आधींच गुरानें तेंच कोवळें पान पुन्हां खुडलें, तर कर्जावर कर्ज चढतें. आणि गुरास तर कोवळेंच आवडतें ! मोकळ्या रानांत सोडलेलें गुर कालचें खाल्लेलें ठोंब आज पुन्हां शोधून काढतें व शेजारचें जून गवत तसेंच वाळूं देतें. असें चार पावसाळे चाललें म्हणजे चांगलें गवत दिवाळें काढतें, आणि त्याच्या जागीं जें गुरास आवडत नाहीं तें गवत सावकारासारखें येऊन बसतें.

हा क्रम आपल्या माळावर डोळ्यांनीं वाचतां येतो. दख्खनच्या पठारावरील मूळचीं उत्तम गवतें म्हणजे पवना, मारवेल, डोंगरी वगैरे. देशांतील गवतांच्या पाहणीचा जो ग्रंथ दाबडघाव व शंकरनारायण यांनीं १९७३ सालीं प्रसिद्ध केला, त्यांतही आपल्या पठारास पवना-मारवेलांच्या वर्गांतच घातलें आहे. हीं गवतें बहुवर्षायु. एकदां ठोंब धरला कीं वर्षानुवर्षें राहतात. अति चराईनें प्रथम हीं मागें हटतात व कुसळी पुढें येते. कुसळी कोवळी असेपर्यंत गुरें खातात, पण तिला कुसळें आलीं कीं तोंडाला टोंचते, आणि मेंढराच्या लोंकरींतून कातड्यांत शिरते. कुसळीही टिकेनाशी झाली म्हणजे तीन-तीन बारीक कुसळांचें तें करडें गवत येतें, ज्यास गाढवही नाक मुरडतें. त्याच्यानंतर टाकळा, आणि आतां गाजरगवत. गाजरगवत १९५५ च्या सुमारास पुण्याकडे प्रथम दिसलें असें सांगतात. आज तें कोणत्या गांवच्या वेशींत नाहीं? ज्या वाचकांस आपल्या माळाची पत काढावयाची असेल त्यांनीं हस्ताच्या पावसानंतर माळावर शंभर पावलें चालावें व प्रत्येक पावलाच्या टोंकाशीं काय आहे तें मोजावें : चांगलें गवत, कुसळी, निकृष्ट गवत, कीं उघडी जमीन. मीं २०१९ सालीं असें केलें तेव्हां शंभरांत सत्तावन्न पावलें उघड्या मुरमावर पडलीं आणि चांगल्या गवतावर अवघीं सहा. तीं सहाही बोरीच्या व हिवराच्या जाळींत, जेथें गुराचें तोंड पोहोंचत नव्हतें.

गुरांची संख्या जास्त म्हणून माळ बिघडला, असें आपण ऐकतों. सर्वस्वीं खोटें नाहीं. १९२८ सालीं ज्याचा अहवाल निघाला त्या लिनलिथगो साहेबांच्या शेतकी कमिशननेंही असें दाखविलें होतें कीं, चारा जितका निकृष्ट तितकीं लोक गुरें जास्त ठेवतात, आणि गुरें जितकीं जास्त तितका चारा आणखी निकृष्ट होतो. परंतु संख्येइतकाच, किंबहुना अधिक, प्रश्न वेळेचा आहे, हें फ्रान्स देशांतील नॉर्मंडीचे शेतकरी व शास्त्रज्ञ आंद्रे व्हॉइसिन यांनीं १९५७ च्या आपल्या ग्रंथांत मांडलें. एक गाय एका जागीं रोज तोंड घालीत राहिली तर ती माळ मारील. पन्नास गायी एक दिवस येऊन महिनाभर गेल्या तर माळ मरणार नाहीं. पुढें आफ्रिकेंतील ऱ्होडेशियाचे (आतांचें झिंबाब्वे) ॲलन सेव्हरी यांनीं, रानटी कळप जसे दाटीनें येऊन निघून जातात तशीं गुरें फिरवावीं, असें मोठ्या आग्रहानें प्रतिपादिलें. त्यांच्या सर्व दाव्यांस शास्त्रज्ञांची मान्यता नाहीं, हेंही सांगणें अवश्य आहे. २००८ सालीं अमेरिकेंत अनेक चराई-प्रयोगांचा जो आढावा घेण्यांत आला त्यांत, गुरांची संख्या सारखी ठेवली तर नुसत्या पाळीनें गवत वाढतेंच असें आढळलें नाहीं. म्हणून पाळी ही जादू आहे असें समजूं नये. माझें मत असें कीं, तेथें तुलना आहे ती नियमित चराईच्या दोन रीतींची. आमच्याकडे तुलना आहे ती कांहीं व्यवस्था असणें आणि मुळींच नसणें यांची. व्यवस्था कोणतीही लावा, माळ आभारी होईल.

शिवाय ही कल्पना आपल्यास परकी नाहीं. धनगर बांधव मेंढरें घेऊन येतात तेव्हां एका शेतांत वाघर लावून रात्र-दोन रात्र बसवितात व पुढच्या शेतांत जातात. लेंडीखत व मूत सर्व रानांत सारखें पडतें, आणि त्याबद्दल आपण त्यांस धान्य किंवा पैसे देतों. हीच ती पुनरुज्जीवक चराई. फरक इतकाच कीं ती आपण पिकाच्या रानासाठीं मानली, माळासाठीं मानली नाहीं. राखीव कुरणाची चालही मराठेशाहीपासूनची आहे.

मीं काय केलें तें आतां सांगतों. सहा एकर म्हणजे दोनशें चाळीस गुंठे. त्याचे तीस-तीस गुंठ्यांचे आठ पट्टे पाडले. खुणेस माळावरचेच दगड रचले. कुंपणास पैसे नव्हते. पहिल्या वर्षीं गुरांमागें स्वतः काठी घेऊन उभा राहिलों; दुसऱ्या वर्षीं, रानडुकरांसाठीं लोक पिकाभोंवतीं जें झटका मशीन लावतात तें सौर पत्र्यासह घेतलें व एक तार दोन पट्ट्यांभोंवतीं फिरवूं लागलों. खिलार जनावर तल्लख. एकदां नाकास झटका बसला कीं पुन्हां तारेजवळ जात नाहीं. ज्यांच्याजवळ दोनच जनावरें आहेत त्यांनीं तारेच्या भानगडींत पडूं नये. लांब दावें व एक खुंटी घेऊन, खुंटी रोज पुढें सरकवीत गेलें तरी तेंच साधतें.

एका गुरास किती जागा लागते याचा हिशेब वाचकांनीं स्वतः करावा. मी कारकून असल्यानें त्याची गोडी मला जरा जास्त. बांबूच्या चार काठ्यांची एक मीटर लांब-रुंद चौकट करावी. माळावर पांच-सहा ठिकाणीं टाकून आंतील गवत विळ्यानें कापावें, वाळवावें व तोलावें. समजा सरासरीनें दीडशें ग्रॅम वाळलेलें गवत निघालें. एक गुंठा म्हणजे सुमारें एकशें एक चौरस मीटर. तेव्हां गुंठ्यास पंधरा किलो. त्यांतील अर्धें गुरास व अर्धें माळास सोडावयाचें. राहिलें साडेसात किलो. साधारण बांध्याच्या खिलार गायीस दिवसाला सुखा चारा आठ-नऊ किलो लागतो. म्हणजे स्थूलमानानें एक गाय, एक दिवस, एक गुंठा. माझ्या तीन गायी व दोन कालवडी मिळून चार पुरतीं गुरें धरलीं, तर रोज चार गुंठे पुरेसे होतात, आणि तीस गुंठ्यांचा पट्टा सात दिवसांत संपतो. गवत याच्या निम्मेंच असेल, जसें पहिल्या दोन वर्षीं माझें होतें, तर चार दिवसांत पट्टा सोडावा. अर्धें माळास सोडावयाचें, ही गोष्ट आपल्या लोकांच्या गळीं उतरत नाहीं. चारा टाकून दिला असें वाटतें. परंतु तो टाकलेला नसतो. कांहीं अंश जनावराच्या पायानें मोडून जमिनीवर पसरतो, त्याखालीं ओल टिकते, आणि उरलेल्या पानांवर गवत आपला सांठा भरतें.

पट्ट्यांत गुरें चार-पांच दिवसांपेक्षां अधिक ठेवूं नयेत, कारण भर पावसांत तेवढ्या अवधींत नवा फुटवा निघूं लागतो व तोच दुसरा घास होतो. पट्टा संपला नाहीं तर तारेनें त्याचे दोन भाग करावे. पट्ट्यास विश्रांति किती द्यावी याचें उत्तर मात्र पंचांगांत नाहीं. श्रावणांत पाऊस चांगला असेल तर चार आठवडे पुरतात; उघडीप पडली तर सहा-सात आठवडेही थोडे. येथेंच मी पहिल्या वर्षीं चुकलों. दप्तरी संवयीनें मीं वहींत तक्ता आंखला : अमुक तारखेस अमुक पट्टा. तारीख आली कीं गुरें हलवावयाचीं. मधें पंधरा दिवस ऊन पडलें, गवत जेथल्या तेथें थांबलें, आणि मी तक्त्याप्रमाणें पहिल्या पट्ट्यांत परत गेलों तेव्हां तेथें बोटभर सुद्धां फुटवा नव्हता. तरीही चारलें. तो पट्टा पुढें दोन वर्षें मागें राहिला. आतां वहींत तारीख चरून झाल्यावर लिहितों, आधीं नव्हे.

पावसाळ्याचा आरंभ हा सर्वांत नाजूक काळ होय. रोहिण्या-मृगाचा पाऊस पडला, माळावर हिरवी झांक आली, कीं आपण गुरें सोडतों. उन्हाळाभर उपाशी असलेल्या जनावराकडे पाहवत नाहीं. पण त्या वेळीं गवताचा सर्व सांठा पानांत चढलेला असतो; मुळांत कांहीं नसतें. त्या वेळचा एक घास श्रावणांतल्या दहा घासांचें नुकसान करतो. गवत वीतभर होईपर्यंत माळ बंद ठेवला पाहिजे, आणि आमच्याकडे तें पुष्य नक्षत्राच्या सुमारास, म्हणजे जुलैच्या तिसऱ्या आठवड्यांत होतें. तोंवर दीड महिना गुरांस घरीं घातलें पाहिजे. चार गुरें, रोज आठ किलो, पंचेचाळीस दिवस, असे चौदाशें चाळीस किलो. पेंढी दीड किलोची धरली तर कडब्याच्या सुमारें हजार पेंढ्या वेगळ्या काढून ठेवाव्या लागतात. ज्याच्याजवळ या हजार पेंढ्या नाहींत त्यानें पाळीच्या चराईचा विचारच करूं नये, इतकें याचें महत्त्व आहे. मीं त्या पहिल्या वर्षीं विकत घेतल्या आणि घरांतून त्याबद्दल पुष्कळ ऐकून घेतलें.

पुष्यापासून पहिली फेरी : आठ पट्टे, प्रत्येकीं चार दिवस, वरवरचें खावयाचें व पुढें जावयाचें. मघाच्या सुमारास दुसरी फेरी. परंतु तींत एक पट्टा गाळावा व त्यास बीं पडेपर्यंत हात लावूं नये. दरवर्षीं निराळा पट्टा गाळावा, म्हणजे आठ वर्षांत सर्व माळास एकदां बीं मिळतें. तिसरी फेरी उत्तरा-हस्ताच्या पावसावर होते, आणि खटाव-माणचा खरा पाऊस तोच. त्या वेळीं एक-दोन पट्टे कापून वाळवून ठेवावे. पवना फुलावर येतांच कापावा. दिवाळी होऊन गेल्यावर जें आपण कापतों त्यांत काडी उरते, कस उरत नाहीं. कुसळीचे पट्टे मात्र कुसळें धरण्याच्या आधीं अगोदर चारून टाकावे; त्यानें तिचें बीं कमी होतें व मारवेलास जागा मिळते. शीतकाळांत गुरें ज्वारीच्या सडांत जातात. बाभळीच्या शेंगा फाल्गुन-चैत्रांत वेंचून ठेवाव्या. शेळ्या तर त्यांवर जगतातच, गायीही आवडीनें खातात.

नुसत्या विश्रांतीनें उघडा मुरूम भरत नाहीं, हेंही कबूल केलें पाहिजे. माझ्या वरच्या दोन पट्ट्यांत तीन वर्षें गेलीं तरी कांहीं येईना. तेव्हां उतारास आडव्या, टीचभर खोल नांगराच्या तासा काढल्या, आणि मारवेलाचीं मुळें फुटलेलीं ठोंबें मृगांत लावलीं. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचें मारवेल प्रसिद्ध आहे. पण माझीं ठोंबें ओढ्याच्या कांठचीं, गांवचीं होतीं. तासांच्या मधून स्टायलोचें बीं टाकलें. स्टायलो द्विदल असल्यानें जमिनीस नत्र देतें व गवताच्या चाऱ्याचा कस वाढवितें. त्याच्या बियांस ऊन पाणी दाखवून पेरावें, नाहींतर कठीण सालीमुळें वर्षभर पडून राहतें.

शेणाविषयीं दोन शब्द. पूर्वीं माळावर पडलेलें शेण बायका शेणी थापण्यास गोळा करून नेत. घरोघरीं गॅस आल्यानें तें आतां माळावर राहूं लागलें, ही एक आयतीच सुधारणा झाली. भाद्रपदांत शेणाची पो उलटून पाहिली तर खालीं शेणकिड्यांनीं बिळें पाडलेलीं दिसतात. तेच किडे शेण मातींत नेतात. जंतावर जीं औषधें आपण जनावरांस देतों त्यांतील कांहीं, विशेषतः आयव्हरमेक्टिन, शेणांतून बाहेर पडून या किड्यांस मारतात. म्हणून औषध गरज असेल तेव्हांच, डॉक्टरांस विचारून द्यावें, आणि शक्य तर पावसाळ्यांत माळावर सोडण्याच्या ऐन आधीं देऊं नये.

माळ सुधारला कीं नाहीं याची एक परीक्षा सांगतों. तेलाच्या डब्याचें बूड काढावें, दोन बोटें जमिनींत ठोकून बसवावा, एक तांब्या पाणी ओतावें व घड्याळ पाहावें. २०२२ च्या हिवाळ्यांत माझ्या दोन नंबरच्या पट्ट्यांत, पवन्याच्या ठोंबांमध्यें, तें पाणी सहा मिनिटांत जिरलें. बांधापलीकडे मोकळ्या चराईच्या माळावर तेंच पाणी चाळीस मिनिटांनींही डब्यांत होतें. पाऊस वीस इंचांचा. तो सहा मिनिटांत जिरणाऱ्या जमिनीवर पडतो कीं चाळीस मिनिटांच्या, यावर आपली विहीर अवलंबून आहे.

माळ पेटविण्याची एक वाईट चाल अद्याप आहे. जाळल्यानें गवत जोमानें येतें असा समज. राख काळी असल्यानें हिरवा कोंब उठून दिसतो, एवढेंच त्यांत सत्य ! वर पसरलेलें सर्व आच्छादन जातें आणि वळवाचा पहिला पाऊस उघड्या मातीवर आदळतो.

शेजाऱ्यांचा प्रश्न अवघड. माझा माळ हिरवा दिसूं लागतांच रात्रीं-अपरात्रीं शेळ्या-मेंढ्या येऊं लागल्या. प्रथम मी भांडलों. तीस वर्षें कचेरींत कायदा पाहिलेला माणूस, दुसरें काय करणार ? त्यानें कांहीं झालें नाहीं. मग पलीकडच्या दोघांस बोलावून सांगितलें कीं, दसऱ्यास जे पट्टे कापावयाचे त्यांतील तिसरा हिस्सा तुमचा, तोंवर मेंढरूं येऊं देऊं नका. तेव्हांपासून राखण तेच करतात. कुंपणापेक्षां हें स्वस्त पडलें. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरेबाजारानें १९९० नंतर गांवच्या गांव चराईबंदी पाळली, तींतही मर्म हेंच होतें. गवत कापून नेण्याची मुभा होती, गुर सोडण्याची नव्हती. तेथें पोपटराव पवार यांच्यासारखा सरपंच होता. आपल्या प्रत्येक गांवीं तसा मिळेल, या भरंवशावर राहूं नये.

गांवच्या गायरानांविषयीं लिहिण्यासारखें पुष्कळ आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ प्रमाणें गांवच्या गुरांस मोफत चराईसाठीं जमीन नेमून देतां येते, व कलम २३ प्रमाणें त्या चराईचा हक्क त्याच गांवच्या गुरांपुरता असतो. गांव नमुना १-ब मध्यें ती जमीन दिसते, आणि १-इ मध्यें तिच्यावरचीं अतिक्रमणें. हे दोन्ही नमुने शेजारीं शेजारीं मांडून मीं पाहिले आहेत. वाचकांनींही आपल्या गांवचे पाहावे. सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं जगपालसिंग यांच्या दाव्यांत गांवच्या सार्वजनिक जमिनी मोकळ्या करण्याविषयीं सक्त हुकूम दिले. हुकूम झाले म्हणून गवत उगवत नाहीं. तरी निदान चार गांवकऱ्यांनीं मिळून गायरानाचे दोन भाग करून एक वर्षाआड बंद ठेवण्याचा ठराव ग्रामसभेंत करावयास कोणाची हरकत असूं नये.

आतां मुख्य कसोटीकडे येतों. २०२३ चा ऑगस्ट महिना आपण विसरलों नसूं; देशांत शतकाहून अधिक काळांत इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. माझी पहिली फेरी कशीबशी झाली. मघा गेल्या, पूर्वा आल्या, फुटवा नाहीं. दुसरी फेरी सुरू केली असती तर गुरें महिनाभर आणखी निभलीं असतीं, आणि चार वर्षांचें काम मुळांसकट गेलें असतें. त्या वेळीं वहींतला हिशेब समोर होता : शिल्लक कडबा किती, वाळलेलें गवत किती, गुरें किती. पांच जनावरें फाल्गुनापर्यंत पोहोंचत नव्हतीं. तीन पोहोंचत होतीं. गणपतीच्या आधींच दोन्ही कालवडी विकल्या. घरांत कोणास तें पटलें नाहीं. थोरली कालवड आमच्या कुटुंबाच्या हातची वाढलेली, ती टेंपोंत चढेना. परंतु भाद्रपदांत अजून बाजार पडला नव्हता व जनावर अंगानें भरलेलें होतें. किंमत रास्त आली. पुढच्या चैत्रांत तशाच कालवडी निम्म्या भावानें जातांना मीं पाहिल्या. राहिलेल्या तीन गायी घरच्या चाऱ्यावर निघाल्या, आणि २०२४ च्या मृगानंतर ज्या माळास मीं दुसऱ्या फेरींत हात लावला नव्हता तो सर्वांच्या आधीं वीतभर झाला. त्या वर्षीं पुन्हां शंभर पावलें मोजलीं. उघड्या जमिनीवर एकवीस, चांगल्या गवतावर चौतीस.

यावर धाकट्या बंधूंचा एक आक्षेप आहे आणि तो खोटा नाहीं. जिहे-कठापूर योजनेचें कृष्णेचें पाणी आतां खटाव-माणच्या कांहीं भागांत येऊं लागलें आहे. पोटखराब्याची जमीन लागवडीखालीं आणल्यास ती तशी नोंदवून घेण्याची सोयही २०१८ च्या नियमांनीं झालेली आहे. बंधूंचें म्हणणें कीं, सहा एकर माळ जेसीबीनें सपाट करावा, गाळाची माती भरावी व आलें किंवा बटाटा करावा; गवत राखून कोण श्रीमंत झाला ? मीं त्यांस वरच्या चार पट्ट्यांविषयीं स्पष्ट नकार दिला आहे, कारण तेथें मुरमाखालीं हातभर अंतरावर पाषाण आहे व विहिरीस येणारें पाणी तेथूनच उतरतें. खालचे दोन पट्टे, जेथें माती दीड हात आहे, तेथें पाणी खरोखर आल्यास लागवड करण्यास माझी हरकत नाहीं. राहिलेल्या दोहोंचा वाद अजून चालू आहे. खिलाराच्या बाजूनें एक गोष्ट अलीकडे अनुकूल झाली. सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२१ मध्यें बैलगाडी शर्यतींस परवानगी दिली व मे २०२३ मध्यें राज्याचा कायदा कायम केला, तेव्हांपासून चांगल्या खोंडास पुसेगांवच्या सेवागिरी यात्रेंत व खरसुंडीस पुन्हां गिऱ्हाईक येऊं लागलें आहे. शर्यतीच्या बैलास लोक दूध-अंडीं चारतात तें त्यांचें त्यांनीं जाणावें. परंतु ज्या आटपाडी महालानें व म्हसवडानें हें जनावर नांवारूपास आणलें, तेथें त्याचे पाय व खूर माळावर चालूनच घडले होते, दावणीस नव्हे.

संघाच्या सभासदांपैकीं ज्यांस मारवेलाचीं ठोंबें हवीं असतील त्यांनीं रोहिणी नक्षत्र लागतांच संघाच्या कचेरींत नांव नोंदवावें. एका गुंठ्यास हातभर अंतरानें लावण्यास सुमारें पांचशें ठोंबें लागतात. मजजवळ यंदा चार-पांच गुंठ्यांपुरतीं निघतील. गोणपाट ओलें करून आणावें, व नेलेलीं ठोंबें दुसऱ्या दिवसाच्या आंत लावून टाकावीं.